निंबाखाली पेटवलेली शेगडी

आमच्या मुलानं लग्नाच्या वाढदिवसाला एक खोकं पाठवलं. आत घडीची कोळशाची शेगडी होती. चार पाय उघडायचे, मध्ये पत्र्याचा ट्रे बसवायचा, वर जाळी ठेवायची. मिटली की जाडजूड ब्रीफकेससारखी दिसते. सोबत एक लहान तंबूही होता. "आई, बाबा, बाहेर पडा, बाहेर शिजवा, बाहेर झोपा," असा फोनवर हुकूम. साठीच्या पुढच्या दोन माणसांनी बाहेर का झोपायचं, हे काही त्यानं सांगितलं नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर धूर करायला परवानगी नाही, त्यामुळे ते खोकं दोनेक महिने दिवाणाखालीच होतं.

मग जानेवारीत मी श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आपण माझ्या माहेरी शेतात जाऊ. तिथे पेटवू."

खरं कारण शेगडी नव्हती. दादा जाऊन दोन वर्षं होत आली. त्याच्या वर्षश्राद्धानंतर मी गावी गेलेच नव्हते. वहिनींना फोनवर बोलायची सवय नाही आणि भाचा गजानन कामापुरतं बोलतो. भाऊ गेल्यावर बाईला माहेर उरतं की नाही, हे कोणाला विचारायचं असतं? वहिनींना विचारलं तर त्या "हे काय ईचारनं झालं" म्हणतील, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं की रीत म्हणून, याचा मी पुढे महिनाभर विचार करत बसेन. त्यापेक्षा जाऊन पाहावं, असं ठरवलं.

पण कोणाला त्रास न देता. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मी सातव्या वर्षापासून अकोल्याला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर वाढले. आमच्या सिस्टर शिकवायच्या की दुसऱ्याच्या घरी जाताना आपलं ओझं आपण न्यावं, यजमानांना उठायला लावू नये. माझ्या अंगात ते इतकं मुरलंय की मी मावसबहिणीकडेसुद्धा स्वतःचा टॉवेल घेऊन जाते. म्हणून गजाननला फोन केला. "आम्ही शेतातच तंबू लावतो रे. स्वयंपाकाचं सगळं सामान आणतोय. वहिनींना सांग, आमच्यासाठी काही म्हणजे काही करायचं नाही."

पलीकडे जरा वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "बरं."

मला वाटलं, रेंज गेली असेल.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी रस्त्याचं सांगते. पुण्याहून पहाटे निघालात तर नगरमार्गे संभाजीनगर, तिथून पुढे समृद्धी महामार्ग धरायचा आणि मेहकरला उतरायचं. थांबत थांबत सात-आठ तास लागतात. समृद्धीवर टोल जड वाटतो, पण वेळ खूप वाचतो. फक्त निघण्याआधी टायरची हवा तपासा, पाणी भरपूर ठेवा आणि खायचं जवळ असू द्या, कारण मनासारखी जागा दिसली म्हणून गाडी थांबवायची सोय तिथे नाही. रस्ता इतका सरळ की श्रीकांतला झोप येऊ नये म्हणून मी त्याला सगळ्या सिस्टरांच्या नकला करून दाखवल्या. मेहकरला उतरलं की एकदम आपल्या ओळखीचा रस्ता लागतो. तुरीच्या पेंढ्या, हरभऱ्याची हिरवी वावरं, ट्रॅक्टरच्या मागे रांग.

मेहकरच्या बाजारात भाजी घेतली. शिमला मिरच्या, मक्याची कणसं, बटाटे, भरताची मोठी वांगी. पनीर पुण्याहूनच मसाला लावून बर्फाच्या डब्यात आणलं होतं. कोळसा मात्र घरी विसरला होता. चार दुकानं फिरल्यावर एका किराणावाल्यानं मला खालून वर पाहिलं.

"कोळसा? काऊन बाई, इस्त्रीचं दुकान टाकून राह्यले का?"

"नाही हो, शेतात स्वयंपाक करायचाय."

"मंग वावरात काड्या नाही का?" असं म्हणत त्यानंच पोराला पाठवून इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर लोणारी कोळसा आणून दिला. शंभराची नोट पुरली.

मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर जानेफळच्या अलीकडे आमचा फाटा आहे. तिथे गजानन मोटारसायकल घेऊन उभा होता. पाया पडला, श्रीकांतला "मामाजी, प्रवास कसा झाला?" विचारलं (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात) आणि म्हणाला, "आत्या, आधी घरी चालता ना? आई वाट पाहून राह्यली."

"नको रे," मी म्हणाले. "उजेड आहे तोवर तंबू लावून घेऊ. घरी आलो की त्या उठणार, चहा टाकणार, गुडघ्यांना त्रास. उद्या सकाळी निवांत येते."

"जशी तुमची मर्जी," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

आमचं शेत गावापासून जरा लांब आहे. मध्ये विहीर, विहिरीच्या अलीकडे भला मोठा कडू निंब, बाजूला गहू, पलीकडे हरभरा. तूर नुकतीच काढली होती, तुराट्यांचा ढीग बांधाला लावलेला. निंबाखाली सपाट जागा होती, सारवल्यासारखी. तंबूसाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार? तंबू श्रीकांतनं लावला. मी शेगडीचे पाय उघडले.

कोळसा पेटवायचा तर रॉकेल ओतू नका, वास लागतो. खाली कापराच्या दोन-तीन वड्या, त्यावर बारीक कोळसे, वर मोठे. वर पांढरी राख धरेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. शेगडी गवतापासून आणि पेंढ्यांपासून लांब, पाण्याची बादली हाताशी. आणि थंडी कितीही वाजली तरी ती तंबूच्या आत नेऊ नका, कोंडलेल्या कोळशाचा वायू जीव घेतो. एवढं सगळं मी इंटरनेटवर वाचून गेले होते. वाचलं नव्हतं ते एवढंच, की आमच्या पठारावर संध्याकाळी वारं सुटतं. कोळसे रसरसून लाल झाले, मिरच्या बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या राहिल्या, बटाटे तर दगडासारखे. (बटाटे घरून अर्धे उकडून न्यावेत.) पनीर मात्र छान झालं.

मी विझणाऱ्या कोपऱ्यात पुठ्ठ्यानं वारा घालत होते तेवढ्यात शेजारच्या वावरातले तुळशीरामभाऊ बांधावर येऊन उभे राहिले. दादाच्या वयाचे. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"कवा आली व बाई?"

"आत्ताच, भाऊ. बसा ना."

ते बसले नाहीत. तंबूकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, मग निंबाकडे. "सामानसुमान घिऊनच आली?"

"हो, सगळं आणलंय. घरच्यांना कशाचा त्रास नको."

"घरी गेलती का?"

"उद्या जाईन."

"मोजणी झाली?"

"कसली मोजणी, भाऊ?"

"काई नाही. असंच ईचारलं." आणि ते झपझप गावाच्या दिशेनं निघून गेले. त्यांचं वावर उलट्या बाजूला आहे.

"जनगणनेचं म्हणत असतील," श्रीकांत पनीर खात म्हणाला.

अंधार पडायच्या सुमाराला गजानन पुन्हा आला. दोन जाड गोधड्या, पाण्याचा कॅन, बॅटरी. सगळं तंबूजवळ ठेवलं आणि उभाच राहिला. मी ताट वाढायला घेतलं.

"मी जेवून आलो, आत्या."

"इतक्या लवकर? एक तुकडा तरी खा. बघ तरी माझी शेगडी."

"दिसली," तो म्हणाला. लहानपणी हा मुलगा माझ्या पिशवीत हात घालून खाऊ काढायचा. आता शेगडीपासून दोन हात लांब उभा. "आत्या, तुम्हाले काई बोलायचं असंल तं सरळ बोला. आईच्या कानावर दुसऱ्याकडून जायले नको."

"बोलायचं काय? पनीर खा म्हणतेय."

तो श्रीकांतकडे बघून कसंनुसं हसला आणि गेला. मी शेगडीपाशी बसून राहिले. मला काहीच कळेना. रागावला म्हणावं तर गोधड्या घेऊन आला. प्रेमानं आला म्हणावं तर घास घेतला नाही. पूर्वी मी आल्याचं कळलं की वहिनी फाट्यावर यायच्या. आज गुडघे असतील. की गुडघे नसतील आणि दादा नाही, एवढंच असेल? कणसं भाजली, पण कोणी खाल्ली नाहीत. एक कुत्रं आलं होतं, त्यानंही मिरची हुंगून सोडून दिली.

"उत्तर मिळालं वाटतं मला," मी श्रीकांतला म्हणाले.

"कशाचं उत्तर?" तो म्हणाला. त्यालाही मी नीट सांगितलं नव्हतं.

सकाळी गव्हावर दव होतं. आम्ही दोघं घरी गेलो. घर आता स्लॅबचं आहे, पुढे फरशीची ओसरी. वहिनी ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. पदर नीट केला, पण उठल्या नाहीत.

"या. बसा. तुमी कसं काय येनं केलं?"

मी जागीच थांबले. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. तेव्हापासून मी "अनुबाई" आणि "तू". त्यांच्या तोंडून मला आजवर कधी "तुम्ही" आलं नव्हतं. त्यांच्या सुनेनं, गजाननच्या बायकोनं, चहा आणला तो फुलाफुलांच्या कपबशीत. ती कपबशी तलाठी, डॉक्टर आणि सोयरिकीच्या पाहुण्यांची. मला या घरात नेहमी पेल्यात चहा मिळतो, काठापर्यंत.

मी चहा प्याले. गुडघे कसे आहेत विचारलं. "बरे हाय." गहू छान आलाय म्हणाले. "हाव." श्रीकांतनं समृद्धी महामार्गाची स्तुती केली. सुनेनं त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. गजानन दाराशी उभा राहून जमिनीकडे बघत होता.

मग वहिनी एकदम म्हणाल्या, "अर्धं घ्या. माहं काई म्हननं नाही. तुमच्या बापाचं हाय. फक्त विहिरीपल्याडचं घ्या. निंबाकडचं आमाले राहू द्या. तिथं हे दुपारचे पडत. ती जागा मी सारवते अजून, कोनी नेऊन सोडलं तं."

मला खरंच समजलं नाही. मी म्हणाले, "काय घेऊ, वहिनी?"

"हिस्सा. मंग काय घेता?"

"कसला हिस्सा?"

"आता पुरं करा," वहिनींचा आवाज फुटला. "घरी पाय न ठेवता वावरात गेल्या. निंबाखाली चूल पेटवली. अख्ख्या गावानं धूर पाह्यला. आमचे मामंजी भावापासून वेगळे निघाले तवा त्यांनीबी त्याच निंबाखाली तीन दगड मांडले होते, घरचं पानी न पेता. इथं लहान लेकरालेबी माहीत हाय आपल्या वावरात वेगळा सयपाक करनं म्हंजे काय असते."

मामंजी म्हणजे माझे बाबा. बाबांनी कधी मला हे सांगितलं नव्हतं. मी होस्टेलवरून सुट्टीत यायचे, आंबे खायचे आणि परत जायचे. घरात कोण कसं वेगळं झालं, कुठल्या झाडाखाली पहिला भात शिजला, हे पाहुण्या लेकीला कोण सांगणार? मी श्रीकांतकडे पाहिलं. तो माझ्याहून गोंधळलेला.

"वहिनी," मी म्हणाले, "तुमचे गुडघे दुखतात म्हणून मी घरी आले नाही. तुम्हाला माझ्यासाठी उठायला लागू नये म्हणून."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग गजाननकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"माह्ये गुडघे?"

"हो."

"माह्या गुडघ्यांपायी तू रातभर थंडीत निजली?" तू. पण वहिनी खूश झाल्या असतील असं समजू नका. खऱ्या रागावल्या त्या यानंतर. "घरात सून हाय, गॅस हाय, मी खुर्चीत बसून भाकऱ्या थापते दोन वेळ. मी मेली का? जवाईबापूले कच्चे आलू चारले म्हनते गजू! मले एक सबद ईचारला का तू? हिस्सा मांगायले आली असती तं मले एवढं वाईट नसतं वाटलं. ते हक्काचं असते. हे काय हाय? लॉजवर उतरल्यासारखं?"

मला वाटलं होतं की खुलासा झाला की सगळं ठीक होईल. त्यांनी हिस्सा दिला होता, एका रात्रीत, मनातल्या मनात वावर वाटून. आणि मी त्यांच्या हातची भाकरी नाकारली होती, त्यांच्यावरच्या मायेनं. यातलं मोठं काय आणि दुखणारं काय, मला अजूनही नीट लावता येत नाही.

"वहिनी, मग आता काय करू? गाशा गुंडाळून इकडे येते."

"कायले? गावानं धूर पाह्यला. आता परत आली तं म्हनतीन, भावजयीनं हाकलून देल्ली." त्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या. "गजू, ट्रॅक्टर काढ. काठवट घे, पीठ घे. खुर्ची टाक ट्रॉलीत."

दुपारच्या आत सगळं घर वावरात. वहिनींना खुर्चीसकट उतरवलं, निंबाखाली ठेवलं, शेगडी त्यांच्या समोर. त्यांनी ती पायानं हलवून पाहिली.

"हे डुगडुगते. अन् याच्यात फुंकर कुठून मारायची?"

"फुंकर नाही मारायची, वहिनी. आपोआप हवा लागते."

"आपोआप लागली म्हनूनच तं मिरच्या जळल्या." त्यांनी बांधावरच्या तुराट्या मागवल्या आणि कोळशांवर घातल्या. मुलानं पाठवलेल्या पुस्तिकेत असं करू नये असं छापलंय, पण बोलायची माझी हिंमत नव्हती. ज्वाळा जाळीच्या वर आल्या, त्यात वांगी टाकली. वांग्यांना तेल लावून सुरीनं टोचून घ्या, नाहीतर फुटतात. तुराटीच्या जाळात साल झटकन सुटते आणि जो वास येतो तो नुसत्या कोळशावर येत नाही, हे मात्र खरं. जाळ बसला, निखारे झाले, तशा त्यांनी मांडीवर काठवट घेऊन भाकऱ्या थापल्या. तवा सुनेनं सांभाळला, शेकायला भाकरी थेट जाळीवर. ती अशी फुगली की वहिनी पहिल्यांदा हसल्या.

"जाळी कामाची हाय."

आणि मग त्या खुर्चीतून बांधापलीकडे ओरडल्या, "ओ तुळशीरामभाऊ! या जेवाले!"

तुळशीरामभाऊ हरभऱ्यात वाकले होते. वर बघून म्हणाले, "नाही वैनी, घरून डबा आनला."

"डबा ठेवा बाजूले. माह्या नणंदेनं पुन्यावरून शेगडी आनली, तिच्यावर सयपाक करून राह्यली मी. या, अन् काल गावात जे सांगत हिंडले ना, ते आज भरीत खाऊन पुन्हा सांगा!"

ते आले. मान खाली घालून दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी वहिनींनी न विचारता वाढली. माझं उरलेलं पनीर त्यांनी चाखलं आणि म्हणाले, "हे चांगलं हाय, याले दातबी नाही लागत!" गजाननला हसू आवरेना. त्यानं माझ्या ताटातलं कणीस उचललं आणि खाल्लं, न विचारता.

ती रात्र आम्ही घरी झोपलो. सकाळी निघताना गजाननने संकोचत विषय काढला. सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव आहे, आता दादाच्या जागी वहिनींचं आणि त्याचं, आणि लेक म्हणून माझं, अशी वारसांची नावं लावायचीत, वर्षभर राहिलंय, माझ्याशी कसं बोलावं कळत नव्हतं. श्रीकांत लगेच म्हणाला, "अरे, ती हक्क सोडून देईल. सही करेल. पुढे मुलांना कटकट नको." मीही मान हलवली. मला जमीन नको आहे, कधीच नको होती.

वहिनी म्हणाल्या, "सही करू नको, अनुबाई."

श्रीकांत काही समजवायला गेला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं.

"नाव राहू दे तुहं. पिकवतीन हे पोरंच. पर नाव असलं तं तुले पाहुनीसारखं वागता नाही येनार."

घरी येऊन आता पंधरवडा झाला. शेगडी स्वच्छ करताना जाळीला चिकटलेलं पीठ निघता निघेना. तुम्ही कोणी अशा सहलीला निघणार असाल तर शेगडी जरूर न्या, बाकीचं वर लिहिलंय. कोणाच्या वावरात उतरणार असाल तर आधी त्यांच्या घरी जाऊन चहा प्या. त्यांच्या गुडघ्यांची काळजी त्यांना विचारून करा.

सहीचं मात्र मला ठरवता येत नव्हतं. श्रीकांतचं म्हणणं व्यवहाराचं आहे आणि चूक नाही. मुलगा म्हणाला, "आई, तुला काय हवंय?" आणि मला तेच कळेना. जे मला नको होतं ते घ्या म्हणून मला प्रेमानं सांगितलं जात होतं, आणि ज्या घरासाठी मी जीव टाकत होते तिथे मी वागले होते पाहुणीसारखी. दोन रात्री कूस बदलत काढल्या. शेवटी काल गजाननला फोन केला आणि म्हणाले, "लाव माझं नाव."

"पक्कं ना, आत्या?"

"पक्कं."

"मंग आई म्हणते, गहू सोंगायच्या वक्ताले या. आठ दिवस राहायच्या बोलीनं."

मी हो म्हणून फोन ठेवला. मग लक्षात आलं की आपल्याकडे गहू कधी सोंगतात, म्हणजे कधी कापतात, हे मला माहीत नाही. जिच्या नावानं वावर होणार तिला एवढंही माहीत नसावं, याची लाज वाटली. इंटरनेटवर शोधायला घेतलं आणि थांबले. पुन्हा फोन लावला. या खेपेला वहिनींनी उचलला.